देशोधडी

सत्यशीलाने पाकिटाची कड कात्रीने कापली आणि आतला कागद बाहेर काढण्याआधी समोरच्या बाईकडे एकदा पाहिलं. शिक्षकांच्या खोलीत सहा खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी बाई दाराच्या चौकटीशी उकिडव्या बसल्या होत्या. शेजारी बाजाराची पिशवी, पिशवीतून डोकावणारी मेथीची जुडी.

"मावशी, वर बसा ना खुर्चीवर."

"हितंच बरं हाय, बाई. तुमी वाचा."

गिरिजाबाई मंठ्यापासून दोन कोसांवरच्या उंबरवाडीहून चालत आल्या होत्या. चार दिवसांपूर्वी पोस्टमनने हे पाकीट त्यांच्या हातात दिलं, विलायतेहून आलंय म्हणाला, आणि आत इंग्रजी असेल तर आपल्याला वाचता येणार नाही असंही सांगून गेला. मग कोणीतरी म्हणालं, मंठ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या एक बाई आहेत, आपल्यातल्याच आहेत, वाचून देतील. बाजाराच्या दिवसापर्यंत पाकीट बाबासाहेबांच्या तसबिरीमागे न उघडता ठेवलेलं होतं.

"माझं लेकरू हाय तिकडं. संपत," गिरिजाबाई म्हणाल्या. "धा वर्सं झाली जाऊन. पहिलं मुंबईला गेल्तं, रेल्वेच्या कारखान्यात. मंग तिथून तिकडं. लोकरीच्या गिरनीत हाय. आधी बराबर पत्र यायचं, मराठीत. दुष्काळ पडला आन् बंद झालं. मला वाटलं, हिरीसंगट पोष्ट बी आटलं."

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती.

पत्र संपतचं नव्हतं. निळ्या शाईतलं, उजवीकडे कललेलं, थरथरत्या हाताचं अक्षर होतं. शेवटी नाव होतं, एडिथ ग्रीनवुड. संपत ब्रॅडफर्ड नावाच्या गावात ज्या घरी खोली घेऊन राहत होता, त्या घराची ही मालकीण. सत्यशीलाने पत्र आधी मनात वाचलं. वाचताना तिचा चेहरा बदलला असावा, कारण गिरिजाबाईंनी पिशवी स्वतःजवळ ओढून घेतली.

"मोठ्यानं वाचा, बाई."

"ज्यांच्या घरी संपत राहतो, त्या बाईंचं पत्र आहे. त्या म्हणतात, तुमचा मुलगा सहा वर्षं माझ्याकडे राहिला. सभ्य मुलगा. थंडीत मला कोळसा आत आणून द्यायचा. दोन वर्षांपूर्वी त्याची गिरणी बंद पडली. तेव्हापासून तो खोलीबाहेर पडेनासा झाला. जेवेना, बोलेना. मार्चमध्ये त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं."

"काय झालं त्याला?"

"अंगाचं दुखणं नाही. मनाचं आहे. त्या बाई दर गुरुवारी त्याला भेटायला जातात. तो त्यांच्याकडे बघत नाही. डॉक्टर म्हणतात, याचं कोणी असेल तर कळवा. त्याच्या पेटीत तुमचा पत्ता सापडला." सत्यशीला पुढच्या ओळीवर आली. "असा चांगला मुलगा, आणि आता त्याचं..."

ती थांबली.

"म्होरं?"

"एक शब्द अडला, मावशी."

डब्ल्यूने सुरू होणारा पाच अक्षरांचा शब्द होता. रॅक. वह्या ठेवतात ते रॅक तिला माहीत होतं, पण त्याला पुढे डब्ल्यू नसतो. अंदाज येत होता. पण अंदाज तो अंदाजच. तिने खणातला लहान शब्दकोश काढून पान शोधलं. तिथे एकच ओळ होती: समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेलं शेवाळ. तिने कोश मिटला.

"वाईट हाय का त्यो सबूद?"

"चांगला नाही वाटत."

"मंग बघून सांगा. अर्धंमुर्धं नगं सांगू." गिरिजाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "म्या फुडल्या बाजाराला येते."

नाश, वाटोळं, काहीतरी सांगून मोकळं होता आलं असतं. पण ही बाई तो शब्द दोन कोस चालत घरी नेणार होती, आणि तिथे त्या शब्दाखेरीज तिच्या सोबतीला दुसरं कोणी नव्हतं. नवरा, रखमाजी, दुष्काळाच्या आदल्याच वर्षी गेला होता. हे गिरिजाबाईंनी जाता जाता दारातून सांगितलं, मेथीची जुडी टेबलावर ठेवता ठेवता.

सत्यशीलाची खोली पिठाच्या गिरणीच्या मागे होती. ती मिळायला तिला तीन महिने लागले होते. गावात खोल्या पुष्कळ होत्या, पण आडनाव सांगितलं की खोली आधीच दुसऱ्याला दिलेली निघायची. गिरणीचा पट्टा दिवसभर फटफटत असे. संध्याकाळी सातला तो थांबला की एकदम ऐकू येण्यासारखं काही उरत नसे. त्या संध्याकाळी तिने मेथी निवडली, एकटीला फार होती तरी सगळी निवडली, आणि निवडता निवडता शब्द पुन्हा पुन्हा तोंडात घोळवून पाहिला. रविवारी जालन्याला जायचं तिने ठरवलं.

जालन्याला जाण्यासारखं आता तिचं तिथे काही नव्हतं. वडील, भिवा, रेल्वेत गँगमन होते. गेल्या वर्षी ते वारले आणि महिन्याभरात क्वार्टर सोडावं लागलं. आई तर ती मॅट्रिकला असतानाच गेलेली. एस.टी.तून उतरून ती नव्या जालन्यात स्टेशनच्या बाजूने निघाली, तेव्हा रस्ता त्या क्वार्टरवरूनच जात होता. अंगणात दोरीवर कोणाच्या तरी लहान मुलांचे कपडे वाळत होते. वडिलांनी लावलेल्या पेरूच्या झाडाला दोरीचं एक टोक बांधलेलं होतं. ती थांबली नाही.

केशवराव तिला शाळेत इंग्रजी शिकवत. निवृत्त होऊन त्यांना सात वर्षं झाली होती. त्यांच्या घराचं दार उघडंच होतं. ते खाटेवर बसून सुपातले तांदूळ निवडत होते, चष्म्यावर आणखी एक भिंग धरून.

"कोण?"

"मी सत्यशीला, सर. त्रेपन्न ते सत्तावन्न तुमच्या वर्गात होते."

"कोणाची?"

"गँगमन भिवा. रेल्वेच्या लाइनीत राहायचो."

त्यांनी मान हलवली. आठवलं की नाही ते कळलं नाही. तिला मात्र आठवत होतं. नववीत एकदा तिच्या बाकाकडे बघत ते म्हणाले होते, इंग्रजी प्रत्येकाच्या जिभेवर बसत नाही. रागाने नव्हे, हवामान सांगावं तसं. औरंगाबादला बी.ए.च्या वर्षी हे वाक्य तिला रोज आठवायचं.

तिने शब्द सांगितला, अक्षरं सांगितली. केशवरावांनी सूप बाजूला ठेवलं. कपाटातून जाड कोश काढताना त्यांचे हात एकदम तरुण झाले. पान सापडल्यावर त्यांनी भिंग फिरवत दोन-तीन मिनिटं वाचलं.

"नाश," ते म्हणाले. "मोडतोड, विध्वंस. आता फारसा वापरात नाही. म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात राहिलाय. कोणी लिहिलंय?"

"एका म्हाताऱ्या बाईंनी."

"तरीच." बोट पुढे सरकलं. "दोन वाटांनी आलाय हा शब्द. एक वाट डच खलाशांची. फुटलेलं जहाज, त्याची किनाऱ्याला लागलेली लाकडं. शेवाळाचा अर्थ तिथूनच. पण दुसरी वाट जुनी आहे, हजार वर्षांपलीकडची. त्या वेळच्या इंग्रजीत याचा अर्थ होता हाल, दुर्दशा. आणि त्याच्याही आधी, हद्दपारी. मूळ क्रियापद आहे हाकलणे. ज्याला आपल्या माणसांतून हाकललं, मुलखाबाहेर काढलं, त्याची जी गत होते ती ही."

"म्हणजे नाश नव्हे?"

"त्यांच्या लेखी दोन्ही एकच. माणूस आपल्या लोकांतून तुटला की संपला." त्यांना आता गोडी लागली होती. "आणि गंमत बघ. असा हाकललेला जो माणूस, त्याला जो शब्द होता, त्याचा पुढे इंग्रजीत झाला 'रेच'. म्हणजे अभागी, कंगाल. तोच शब्द जर्मन लोकांकडेही होता, आणि तिथे त्याचा अर्थ झाला वीर, योद्धा. एकच माणूस. गावाबाहेर काढलेला. एका ठिकाणी भिकारी, दुसऱ्या ठिकाणी शूर."

"आमच्यासाठी वेगळा शब्द लागतच नव्हता, सर," सत्यशीला म्हणाली. "गावाबाहेर म्हटलं की झालं."

केशवरावांनी भिंग खाली ठेवलं. रस्त्यावरून एक रिक्षा गेली. ते उठले, आत जाऊन त्यांनी स्टोव्ह पेटवला. चहा होईपर्यंत तिने सगळं वहीत उतरवून घेतलं. चहा त्यांनी स्वतः आणून दिला, थोडा बशीत सांडलेला.

"इंग्रजीच शिकवतेस?"

"अकरा वर्षं झाली."

"उच्चार स्वच्छ आहेत तुझे."

चहा संपल्यावर ती कप धुवायला उठली, तेव्हा त्यांनी तो तिच्या हातातून घेतला आणि मोरीवर बसून दोन्ही कप एकाच पाण्यात विसळले. विसळायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला.

"मराठीत काय सांगू, सर, त्याच्या आईला?"

"विनाश म्हण. अधःपात..." ते स्वतःच थांबले. "नाही. आईला हे सांगता येत नाही."

दारापर्यंत येऊन ते म्हणाले, "आणखी एखादा शब्द अडला तर ये." ती फाटकापाशी पोचली तेव्हा त्यांनी तेच वाक्य पुन्हा एकदा म्हटलं, थोडं मोठ्याने, जणू पहिल्यांदा ऐकू गेलं नसावं.

बाजाराच्या दिवशी गिरिजाबाई शाळा सुटायच्या आधीच येऊन व्हरांड्यात बसल्या होत्या. सत्यशीलाने त्यांना खोलीत नेलं, दार लोटलं आणि या वेळी स्वतःच त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. वही मांडीवर होती.

"मावशी, मी जालन्याला जाऊन विचारून आले. त्या शब्दाचा अर्थ नाश असा होतो."

गिरिजाबाई ऐकत राहिल्या.

"पण तो फार जुना शब्द आहे. मुळात त्याचा अर्थ असा होता, की एखाद्याला त्याच्या माणसांतून, त्याच्या मुलखातून बाहेर घालवलं, तो परमुलखात एकटा पडला, आणि एकटा पडला म्हणून त्याचं सगळं गेलं. नाश आणि परदेश, दोन्ही त्या एका शब्दात आहे. मराठीत तसा शब्द मला..."

"देशोधडीला लागलं म्हना की."

सत्यशीलाने वहीवरून नजर वर केली.

"त्याला यवढं जालन्याला कशाला गेलत्या?" गिरिजाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीचाच होता, पण पदराचं टोक त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं. "माझा आजा निजामाच्या टायमाला देशोधडीला लागल्ता. कुठं मेला, कुनी जाळलं, कायबी कळलं न्हाई. आई सांगायची. बराबर लिवलं त्या बाईनं."

सत्यशीला तो शब्द जन्मापासून ऐकत आली होती. वहीतल्या दोन पानांखाली तिने तो लिहिला, आणि वही मिटली.

गिरिजाबाई सरसावून बसल्या.

"आता लिवा."

"काय लिहू?"

"त्याला म्हनावं, म्या हाय. घर हाय. तू ये. बास."

"मराठीत लिहून पाठवते. त्या बाई त्याला देतील."

"वाचंल का त्यो? बघतच न्हाई म्हनत्यात तर कागुद काय बघंल?" त्या थोडं थांबल्या. "त्या बाईलाच म्हनावं, तूच वाचून दाखव त्याला. जाती न्हवं दर गुरवारी?"

"त्यांना मराठी येत नाही, मावशी."

"तुमी शिकवा की. शिकवायचंच काम हाय न्हवं तुमचं?"

त्या संध्याकाळी गिरणीचा पट्टा कधी थांबला ते सत्यशीलाला कळलं नाही. ब्रॅडफर्डच्या एका म्हाताऱ्या बाईच्या तोंडून उंबरवाडीची मराठी कशी निघेल, याचा ती विचार करत होती. 'तू' सोपं होतं; इंग्रजीत दोन या आकड्याला तोच आवाज आहे. 'हाय' तर आयतंच होतं, त्यांच्याकडे त्याचा अर्थ उंच. 'ये' जमण्यासारखं होतं. 'म्या'साठी मांजराच्या ओरडण्याचा दाखला द्यावा लागला. अडलं ते 'घर'. तो 'घ' त्यांच्या कुठल्याच शब्दात नव्हता. तिने लिहिलं, आधी ग म्हणा, आणि त्याच श्वासात आरशावर वाफ धरतो तसा श्वास सोडा, मध्ये थांबू नका. हे वाक्य तिने चार वेळा खोडून लिहिलं. रिकाम्या खोलीत स्वतःच मोठ्याने म्हणून पाहिलं. घर. घर. पलीकडच्या बिऱ्हाडातल्या कोणीतरी भिंतीवर थाप मारून विचारलं, काही पाहिजे का. ती म्हणाली, नाही.

पत्र गेलं. पुढच्या बाजाराला उत्तर येणं शक्यच नव्हतं, तरी गिरिजाबाई आल्या. त्याच्या पुढच्याही आल्या. कधी मेथी, कधी मूठभर हुलगे, एकदा नुसतंच येऊन बसल्या. संपत लहानपणी कसा होता ते सांगत. तो ओढ्यात पडला ते, सातवीला केंद्रात पहिला आला ते. चौथ्या खेपेला त्या खुर्चीवर बसल्या. सत्यशीला बाजाराच्या दिवशी शेवटचा तास संपता संपता खिडकीतून फाटकाकडे बघू लागली होती. शिक्षकांच्या खोलीत तिच्याशी कामापुरतं सगळे बोलत. पण ती आहे की नाही हे बघायला त्या खोलीत आजवर कोणी आलं नव्हतं.

दिवाळीच्या सुटीनंतर उत्तर आलं. शाळेच्या पत्त्यावर, तिच्या नावे. तिने ते उघडलं नाही. दोन दिवस थांबून गिरिजाबाईंच्या समोरच उघडलं.

"वाचते हं. त्या म्हणतात, तुमचा कागद घेऊन मी गुरुवारी गेले. मला फार लाज वाटत होती, वॉर्डात पुष्कळ लोक होते. मी म्हटलं. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. काही झालं नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा म्हटलं. तिसऱ्या गुरुवारी..." सत्यशीलाने कागद जवळ धरला. "तिसऱ्या गुरुवारी तो वळला आणि म्हणाला, तुम्ही तो एक शब्द चुकीचा म्हणता."

"कोन्ता?"

"घर."

गिरिजाबाईंच्या तोंडून आवाज आला, तो हसण्याचा होता की दुसरा कसला, ते सांगता आलं नसतं.

"त्याने पाच वेळा म्हणून दाखवला, असं लिहिलंय. आणि त्या म्हणतात, मला अजून जमत नाही, पण मुद्दामच दर गुरुवारी चुकते."

नंतरचं हळूहळू जुळत गेलं. दवाखान्याने कागद केले. तिथे आपल्या लोकांचं एक मंडळ होतं, त्यांनी प्रवासाची सोय लावली. पौषाच्या थंडीत गिरिजाबाई भाच्याला, पुंजारामला, घेऊन मुंबईला जाऊन आल्या. संपत घरी आला ही बातमी सत्यशीलाला वर्गातल्या उंबरवाडीच्या एका मुलीकडून कळली.

त्या आठवड्यात बाजाराला गिरिजाबाई आल्या नाहीत. पुढच्याही नाहीत. येतील कशाला, सत्यशीलाने स्वतःला सांगितलं. वाचायचं असं आता काही उरलं नव्हतं. चांगलंच झालं होतं. तरी शेवटच्या तासाला खडू हातात धरून ती खिडकीपाशी उभी राहायची, आणि मुली तिच्या पुढच्या वाक्याची वाट बघत राहायच्या.

माघ संपता संपता एक पाकीट आलं. पुन्हा तिच्याच नावे, तेच कललेलं अक्षर. ते तिने टेबलापाशी उभ्या उभ्याच वाचलं. दुसरा दिवस रविवार होता. बाजाराचा दिवस अजून चार दिवस लांब होता, आणि त्या दिवशी कोणी येणार नव्हतं. सकाळी खोलीला कुलूप लावून ती उंबरवाडीच्या वाटेला लागली.

वाटेत दोन्ही बाजूंना हरभऱ्याची काढणी चालू होती. गावाच्या अलीकडे बुद्धवाडा होता; तिने नाव विचारलं तर तीन पोरी दारापर्यंत सोडायला आल्या. घरासमोर एक माणूस पोत्यावर बसून घाटे सोलत होता. वाळलेला, कानशिलांवर पांढरा झालेला. अंगात जाड, निळा, हाताने विणलेला स्वेटर, ऊन चढलं होतं तरी.

"जयभीम," सत्यशीला म्हणाली. "मावशी आहेत?"

"रानात गेलीय. येईल." तो शब्द सावकाश उच्चारत होता, प्रत्येक शब्द आधी तपासून घेतल्यासारखा. "तुम्ही त्या. पत्रातल्या बाई."

"हो. मिसेस ग्रीनवुडांचं पत्र आलंय. तुम्हालाही आहे त्यात निरोप." तिने पाकीट पुढे केलं.

संपतने हात पुसले, पण पाकीट घेतलं नाही. "तुम्ही वाचा," तो म्हणाला. "इंग्रजीतच वाचा. मोठ्यानं."

ती दगडावर बसली आणि वाचू लागली. त्याने घाटे सोलणं थांबवलं आणि डोळे मिटले. पोरी तोंडावर हात धरून ऐकत होत्या. इकडे अजून बर्फ आहे, पत्रात होतं. मी तुझी खोली उघडून हवा खेळवली. दुसरा भाडेकरू मी अजून ठेवलेला नाही, ठेवायला हवा. तुझी किटली मी वापरते. गुरुवारी दुपारी जेवण झालं की मी कोट घालते, टोपी घालते, आणि दारापर्यंत गेल्यावर मला आठवतं की कुठे जायचं नाही. मग कोट काढण्याआधी मी थोडा वेळ तिथेच बसते.

तिथे सत्यशीलाचा आवाज अडखळला. तिने ते वाक्य पुन्हा सुरुवातीपासून वाचलं.

पत्र संपेपर्यंत गिरिजाबाई डोक्यावर हरभऱ्याचा भारा घेऊन आल्या होत्या. त्यांच्यामागे शेजारच्या उषाबाई. भारा खाली टाकून गिरिजाबाई सत्यशीलाकडे बघतच राहिल्या.

"एवढ्या उन्हाच्या, चालत? आगं माय. म्या यायचं म्हून राह्यले रोज, पर ह्याला टाकून पाय निघत न्हाई बघा."

"मला काही त्रास नाही झाला."

गिरिजाबाईंनी चूल पेटवायला घेतली. चूल दाराशीच होती, तिथून त्यांना सगळं ऐकू येत होतं. सत्यशीलाने पत्र मराठीत सांगितलं: बर्फ, खोली, किटली, कोट. संपत उठून घरामागे गेला, आणि पाणी काढल्याचा, तोंडावर मारल्याचा आवाज आला. उषाबाई चुलीपाशी येऊन टेकल्या. त्यांना अर्धंच ऐकायला मिळालं होतं.

"घरी कोन हाय मंग बाईला?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही," सत्यशीला म्हणाली. तिची नजर कागदावरच होती. "एकट्याच असतात. दिवसा काही वाटत नाही, कामं असतात. दिवेलागणीनंतर घर फार गप्प होतं. कोणी भिंतीवर थाप मारली तरी बरं वाटतं."

उषाबाई जरा गोंधळल्या. मग हसून म्हणाल्या, "तिचं न्हवं हो. तुमचं इचारलं म्या."

भाकरीचं पीठ मळणारा गिरिजाबाईंचा हात काठवटीत थांबला.

सत्यशीलाने पत्राची घडी घातली. घडी नीट बसली नाही, म्हणून ती उलगडून पुन्हा घातली.

"तेच सांगितलं," ती म्हणाली.

गिरिजाबाईंनी डबा पुढे ओढला, काठवटीत आणखी एक ओंजळ पीठ घेतलं, आणि मळायला लागल्या.